चौकटीचा शिल्पी : ग्रिन्लिंग गिबन्स

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने हस्तकलेच्या वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शन मांडले होते. एका मैत्रिणीने सागाच्या फळीवर वेलबुट्टी कोरून, तिला चौकट लावून ती भिंतीवर टांगली होती. महिनाभराच्या संध्याकाळी त्या एका फळीत गेल्या होत्या. एक गृहस्थ आले. त्यांनी फळी उतरवून उलटीसुलटी करून पाहिली, चौकटीला किती खर्च आला एवढेच विचारले आणि त्यावर थोडेफार चढवून पैसे देऊ केले. लाकडाची किंमत त्यांनी धरली, काचेची धरली, खिळ्यांचीही धरली. हातांची तेवढी धरायची राहिली. मैत्रीण काही बोलली नाही. संध्याकाळी फळी वर्तमानपत्रात गुंडाळून तिने घरी नेली.

हाताने केलेल्या वस्तूचे मोल ठरवायचे कोणी? करणाऱ्याने, घेणाऱ्याने, की मध्ये उभे राहून बोलणाऱ्या तिसऱ्यानेच? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी ग्रंथालयात जी पुस्तके चाळली, त्यांत मला एका लाकूडकोऱ्याचे चरित्र भेटले. तीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी त्याच्याही एका फळीचा असाच सौदा झाला होता, तोही राजवाड्यात आणि साक्षात राणीसमोर. त्या राणीचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध आहे, हे वाचून तर मी चकितच झाले.

त्या कारागिराचे नाव ग्रिन्लिंग गिबन्स. जन्म ४ एप्रिल १६४८, हॉलंडमधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरी. आईबाप इंग्रज. वडील जेम्स गिबन्स हे कापडाचे व्यापारी. ग्रिन्लिंग हे आईचे माहेरचे आडनाव. तेच मुलाचे नाव झाले. त्या काळचा हॉलंड म्हणजे चित्रकारांचा देश. ताटातली फळे, सुरईतली फुले, मारून टांगलेले पक्षी, कापलेले लिंबू अशा रोजच्या वस्तूंची चित्रे तेथे मध्यमवर्गीय घरांच्याही भिंतींवर असत. गिबन्सने आपली कला नेमकी कोणाच्या हाताखाली उचलली याचा कागद उपलब्ध नाही. पण पुढे त्याने लाकडात जी फुलेफळे उमलवली, त्यांचे मूळ या मातीत आहे हे पाहणाऱ्याला लगेच उमगते.

१६६७ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, तो इंग्लंडला आला. आधी यॉर्क शहरी राहिला आणि मग लंडनजवळ गेला. हा काळ ध्यानात घ्यायला हवा. सप्टेंबर १६६६ च्या भीषण आगीत लंडनमधील तेरा हजारांहून अधिक घरे आणि सत्त्याऐंशी चर्चे जळून खाक झाली होती. संत पॉलचे जुने प्रार्थनामंदिरही त्यात गेले. शहर नव्याने उभारायचे तर हात हवे होते. म्हणून एरवी परक्या कारागिरांना दारात उभे न करणाऱ्या लंडनने कायदा करून बाहेरच्या सुतार-गवंड्यांना काम करण्याची मुभा दिली. एका शहराची राख झाली आणि कित्येक कारागिरांच्या चुली पेटल्या, असाच हा योग म्हणायचा.

गिबन्स मात्र शहरात न शिरता डेटफर्ड या जहाजबांधणीच्या गावाबाहेर, शेतातल्या एका एकाकी, गवताने शाकारलेल्या झोपडीत राहिला. १८ जानेवारी १६७१ रोजी जॉन एव्हलिन नावाचे एक विद्वान गृहस्थ तिकडून फिरत चालले होते. ते त्याच गावचे रहिवासी, दरबारी वजन असलेले, आणि दैनंदिनी लिहिण्याची शिस्त असलेले. त्यांनी सहज खिडकीतून डोकावले. आत एक बावीस वर्षांचा तरुण लाकडावर वाकून कोरत बसला होता. व्हेनिसचा विख्यात चित्रकार तिन्तोरेत्तो याच्या ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाच्या चित्रावरून तो एक मोठा फलक कोरत होता. त्या चित्राची एक प्रत एव्हलिन यांनी स्वतः व्हेनिसहून आणली होती, त्यामुळे त्यांनी ते ओळखले. शंभरांहून अधिक माणसे त्या एका फलकात होती, आणि भोवतीच्या चौकटीवर फुलांचे हार असे कोरले होते की श्वासानेही हलतील.

एव्हलिन यांनी दार ठोठावले, आत गेले आणि चौकशी केली. एवढ्या आडबाजूला का राहता, तर कोणाचा व्यत्यय नको म्हणून, असे उत्तर मिळाले. तरुण विनयाने म्हणाला की आपण अजून शिकाऊच आहोत, पण हा फलक विकला गेला तर वाईट वाटणार नाही. किंमत विचारली तेव्हा त्याने शंभर पौंड सांगितली. एव्हलिन यांनी त्या रात्री दैनंदिनीत नोंदवले ते असे, की एवढी किंमत तर नुसत्या चौकटीचीच व्हावी. वाचक मित्रहो, हे वाक्य लक्षात ठेवा. गिबन्सचे पुढचे सारे आयुष्य त्यात बीजरूपाने आहे.

एव्हलिन नुसती वाहवा करून थांबले नाहीत. १९ फेब्रुवारीला त्यांच्या घरी दोन पाहुणे जेवायला होते. एक राजाचे मुख्य वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेन आणि दुसरे दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स. दोघांनाही त्यांनी तो फलक नेऊन दाखवला. राजे दुसरे चार्ल्स यांच्या कानावर गोष्ट आधीच घातली होती. १ मार्च रोजी तो जड फलक उचलून व्हाइटहॉल राजवाड्यात नेण्यात आला. राजा स्वतः चालत तो ठेवलेल्या खोलीत आला. बराच वेळ पाहत राहिला, कारागिराशी बोलला आणि फलक ताबडतोब राणीच्या महालात नेण्याची त्याने आज्ञा केली.

ही राणी म्हणजे पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा. १६६१ च्या विवाहकराराने जिच्या आंदणात मुंबई बेट इंग्रज राजाला मिळाले, तीच ही. फलक तिच्याकडे नेण्यात राजाचा हिशेब होता. इंग्लंड प्रॉटेस्टंट, तेथल्या चर्चमध्ये वा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात क्रूसावरच्या ख्रिस्ताचा एवढा मोठा फलक कोण लावणार? राणी मात्र कॅथलिक होती. एवढ्या मोठ्या राजधानीत त्या वस्तूला साजेसे गिऱ्हाईक बहुधा तीच एक.

राजा-राणी दोघांनीही फलक पाहून कौतुक केले. इतक्यात राजाला कोणी बोलावले आणि तो निघून गेला. राणीच्या महालात त्या वेळी फ्रान्सहून पंखे, घागरे आणि नटण्याच्या लहानसहान वस्तू आणून दरबारी स्त्रियांना विकणारी मादाम दे बोर्द नावाची एक बाई बसली होती. तिने फलकात एकेक खोड काढायला सुरुवात केली. राणीचा विचार पालटला. एव्हलिन संतापले, त्या बाईला या कामातले ओ की ठो कळत नव्हते अशी त्यांची खात्री होती. त्यांनी माणसाला फलक उचलायला सांगितले, आणि तो परत डेटफर्डच्या झोपडीत आला. त्यानंतर थोड्याच काळाने गिबन्सने तो सर जॉर्ज व्हायनर या गृहस्थाला ऐंशी पौंडांना दिला. एव्हलिन यांच्या मते चौकट सोडून नुसत्या फलकाचेच शंभर पौंड व्हायला हवे होते.

ऐंशी पौंड म्हणजे किती? त्याच राजाने १६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले होते. खंड नाममात्र होता हे खरे. तरीही त्या हिशेबाने गिबन्सच्या फलकाची किंमत मुंबईच्या आठ वर्षांच्या खंडाएवढी होते! राजाने बेट किती हलक्या हाताने दिले आणि राणीने एक फलक किती सहज नाकारला, हे एकाशेजारी एक ठेवून पाहिले म्हणजे राजवाड्यातल्या किमतींवर विश्वास ठेवावासा वाटत नाही.

एखादा दुसरा असता तर खचला असता. गिबन्सने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तसे मोठे धर्मचित्रांचे फलक त्याने फारसे पुन्हा केले नाहीत. त्याने लोकांचे डोळे कशावर थबकतात ते पाहिले होते. डोळे थबकत होते चौकटीवर. मग त्याने मधले चित्र काढून टाकले आणि चौकटीलाच चित्र केले. मध्ये कोणाचेही तैलचित्र असो, आरसा असो, वा नुसती मोकळी भिंत असो. भोवती लोंबणारे फुलांचे हार, फळांचे घोस, कणसे, शिंपले, पक्षी, वाद्ये, लेसच्या घड्या, हे सारे लाकडात. प्रॉटेस्टंट असो की कॅथलिक, फुलांना कोणाचीच हरकत नसते!

१६७२ च्या जानेवारीत वडिलांच्या हक्काने तो लंडनच्या कापडव्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला. लाकडाशी काही संबंध नसलेल्या त्या संघाचे सभासदत्व मिळताच त्याला शहरात उघडपणे धंदा करण्याचा आणि उमेदवार ठेवण्याचा हक्क मिळाला. तो लडगेट हिलवर बेल सॉव्हेज नावाच्या आवारात राहू लागला. त्या घराच्या खिडकीत त्याने लाकडाची फुलदाणी ठेवली होती आणि रस्त्याने गाडी गेली की तिच्यातली फुले थरथरत, अशी एक आख्यायिका आहे. १६७८ मध्ये तो कॉव्हेंट गार्डनजवळ बो स्ट्रीटवर राहायला गेला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला.

आता त्याच्या हातच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे. कारण त्याचे खरे चरित्र त्यातच आहे. इंग्लंडमधले कोरीवकाम मुख्यतः ओकच्या लाकडात होई. ओक कठीण, त्यात ठसठशीत नक्षी उठते, पण पाकळीची नाजूक कड धरवत नाही. गिबन्सने निवडले लाइमचे लाकूड. या लाइमचा आपल्या लिंबाशी काही संबंध नाही. युरोपात रस्त्यांच्या कडेने लावतात तो हा वृक्ष. त्याचे लाकूड फिकट, मऊ आणि एकसारखे असते. पटाशी कोणत्याही दिशेने चालवा, ते सहसा तडकत नाही. एका जाड ठोकळ्यातून सारे कोरण्याऐवजी तो दोनतीन फळ्यांवर वेगवेगळे थर कोरी आणि मग ते एकावर एक बसवी. प्रत्येक पाकळी, प्रत्येक देठ मागून, पोटातून पोखरून काढलेला असे. समोरून पाहताना पान कागदाएवढे पातळ दिसे; पण जेथे डोळा पोचत नाही तेथे आधाराला पुरेसे लाकूड राखलेले असे. नाजूक दिसणे आणि टिकाऊ असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची ही युक्ती होती. अशी तयार झालेली पांढुरकी तोरणे मग ओकच्या गडद तक्त्यांवर खिळ्यांनी जडवली जात. त्यांना तो रोगण लावत नसे. काळोख्या भिंतीवर चांदण्याने फुले काढावीत तसे ते दिसत असावे.

एव्हलिन यांच्या शिफारशीचे फळ हळूहळू मिळाले. वास्तुशिल्पी ह्यू मे विंडसरच्या राजवाड्याची नवी सजावट करत होते. त्यांनी १६७७ पासून गिबन्सला तेथे लावून घेतले. राजाच्या भोजनगृहात त्याने भिंतीवर मासे, शिकारीचे पक्षी आणि फळे यांची मेजवानीच टांगली. जो राजा एकदा फलक पाहून निघून गेला होता, त्यानेच १६८२ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याला भेट पाठवण्यासाठी गिबन्सकडून एक फलक करून घेतला. चोचीला चोच लावलेली कबुतरे, मुकुट, लेस, फुले अशा वस्तूंतून कोरलेला तो मैत्रीचा संदेश फ्लॉरेन्सला गेला आणि अजून तेथे आहे. मायकेलअँजेलोच्या शहराला इंग्लंडच्या राजाने नजराणा म्हणून काय पाठवावे, तर लाकडाची फुले! कारागिराला याहून मोठी पावती कोणती?

पुढे १६९० च्या सुमारास ससेक्समधील पेटवर्थ येथे सॉमरसेटच्या ड्यूकसाठी त्याने एक दालन सजवले. तेथे पूर्णाकृती तैलचित्रांभोवती त्याने फुलांच्या परड्या, व्हायोलिन, बासऱ्या आणि स्वरलिपीचे कागददेखील कोरले आहेत. पाहणारे चित्रातल्या उमरावांकडे पाहायचे विसरतात. १६९३ मध्ये तो राजघराण्याचा मुख्य काष्ठशिल्पी नेमला गेला आणि ते पद त्याच्याकडे अखेरपर्यंत राहिले. रेन यांच्या नव्या संत पॉलमध्ये गायकवृंदाच्या आसनांचे आणि ऑर्गनच्या पेटीचे काम त्याच्या हाती आले; २ डिसेंबर १६९७ रोजी त्या भागात पहिली प्रार्थना झाली. त्यानंतर हॅम्प्टन कोर्टमधील राजाची दालने. दुसऱ्या चार्ल्सपासून पहिल्या जॉर्जपर्यंत किती राज्यकर्ते आले नि गेले, पण गिबन्सची पटाशी थांबली नाही.

परंतु चरित्र लिहायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एवढे काम एका माणसाच्या दोन हातांनी होणे शक्य नव्हते. बो स्ट्रीटवर मोठा कारखाना होता आणि तेथे अनेक कारागीर राबत होते. अशा कामांत साध्या नक्षीच्या पट्ट्यांची आणि चौकटींची मजुरी फुटावर मोजली जाई. गिबन्स हा जसा कलावंत तसाच कंत्राटदारही होता. दगडाच्या आणि संगमरवराच्या कामांची मागणी आली तेव्हा तीही त्याने घेतली. त्यासाठी काही वर्षे अँटवर्पच्या आर्नोल्ड क्वेलिनबरोबर भागीदारी केली. लंडनच्या ट्रफॅल्गर चौकाजवळ उभा असलेला दुसऱ्या जेम्सचा पुतळा १६८६ चा, त्याच्याच कारखान्यातला. पण दगडात त्याला लाकडातले यश कधी आले नाही. आणि त्याच्या कारखान्यातल्या बहुतेक हातांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत. उलट जे काम त्याचे नव्हतेच, तेही त्याच्या नावावर खपले. चॅट्सवर्थच्या महालातले सुंदर कोरीवकाम सॅम्युएल वॉटसन या तिथल्याच कारागिराने केले, पण कित्येक वर्षे पाहुण्यांना ते गिबन्सचे म्हणून दाखवले जाई. फेरीवाल्या बाईच्या जिभेने ज्याची किंमत घटली होती, त्याच्याच नावाने पुढे इतरांचे श्रेय गिळावे, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

त्याच्या कामात वाटाण्याची शेंग वारंवार दिसते. तिच्याविषयी एक गोष्ट सांगतात. पैसे पूर्ण मिळाले तर शेंग उघडी कोरायची, दाणे दिसतील अशी. पैसे थकले तर शेंग मिटलेली ठेवायची. या गोष्टीला कागदोपत्री काही आधार नाही. तरीही ती इतकी वर्षे टिकली, कारण कारागिराच्या मनातली एक जुनी तक्रार तिच्यात आहे. मालकाच्याच भिंतीवर त्याची उधारी कोरून ठेवायची, आणि तीही त्याने शोभा म्हणून मिरवायची! ऐकणाऱ्याला ते खरे असावेसे वाटते.

उतारवय सुखाचे गेले नाही. १७०२ च्या जानेवारीत बो स्ट्रीटवरचे घर कोसळले. सुदैवाने घरातली माणसे वाचली. आवडीनिवडीही बदलल्या. श्रीमंतांना आता गडद लाकडी भिंती नकोशा झाल्या. पांढऱ्या गिलाव्याची नक्षी आणि सोनेरी मुलामा यांचे दिवस आले. मार्लबरोच्या ड्यूकच्या ब्लेनहाइम महालात गिबन्सने काम केले, पण तेथे त्याला दगडच कोरावा लागला. १७१२ मध्ये राणी ॲनची मर्जी फिरली, पैसा आटला आणि तेथलेही काम थांबले. १७१९ मध्ये पत्नी एलिझाबेथ वारली. ३ ऑगस्ट १७२१ रोजी गिबन्स गेला आणि कॉव्हेंट गार्डनच्या संत पॉल चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. पुढच्या वर्षी त्याच्या संग्रहातल्या वस्तूंचा लिलाव झाला.

त्याच्या मागे त्याची कला चालवणारा तोलामोलाचा कोणी उरला नाही. कामाची मात्र आठवण राहिली. त्याने लाइमच्या लाकडात व्हेनिसच्या लेसचा एक गळपट्टा कोरला होता, जाळीचे छिद्र न् छिद्र दिसेल असा. अठराव्या शतकातले लेखक होरेस वॉलपोल यांनी १७६९ मध्ये परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला तो चक्क गळ्यात बांधला, आणि पाहुण्यांच्या काही नोकरांना इंग्रज लोक असलाच पोशाख करतात असे वाटले म्हणतात! तो गळपट्टा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र जतनाच्या नावाखाली त्याच्या कितीतरी कामांना तेल, मेण, रोगण फासले गेले आणि ती फिकट फुले तपकिरी झाली.

३१ मार्च १९८६ रोजी हॅम्प्टन कोर्टला आग लागली. गिबन्सचे एक लांब लोंबते तोरण जळून गेले, बाकीची होरपळली. जळालेले तोरण पुन्हा कोरण्यासाठी डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कारागिराला बोलावण्यात आले. त्याने जुनी तोरणे जवळून तपासली तेव्हा त्यांच्यावर बारीक ओरखडे दिसले. काचकागद येण्यापूर्वीच्या त्या काळात, पाणथळीत उगवणाऱ्या आणि अंगात वाळूसारखा खरखरीतपणा असलेल्या एका वनस्पतीच्या देठांनी गिबन्सची माणसे लाकूड घासत असत, असे त्याने ताडले. एका आगीमुळे जो लंडनच्या कामांवर लागला, त्याच्या हातांची रीत तीनशे वर्षांनी दुसऱ्या आगीमुळे उलगडली.

आणि तो पहिला फलक? राणीने नाकारलेला, ऐंशी पौंडांना गेलेला तो क्रूसारोहणाचा फलक आज ग्रेटर मँचेस्टरमधील डनहॅम मॅसी या वाड्यात जपून ठेवला आहे. लोक लांबून तो पाहायला येतात. मादाम दे बोर्द यांचे नाव इतिहासात राहिले आहे, पण ते याच फलकामुळे.

हे सारे मी मैत्रिणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मला एकच विचारले, की मग त्या एव्हलिनने स्वतःच तो शंभर पौंडांना का नाही घेतला? मला उत्तर देता आले नाही. कौतुक करणारे, ओळख करून देणारे, किंमत कमी झाली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मागितलेली किंमत मुकाट्याने मोजणारा विरळा. तिची ती फळी आता त्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर लावलेली आहे. यंदाच्या संमेलनात ती पुन्हा कोरीव फलक मांडणार आहे. चौकटीचा, लाकडाचा आणि हाताचा असा तीन ओळींत हिशेब लिहून शेजारी चिठ्ठी ठेवणार आहे, असे तिने सांगितले आहे. त्या चिठ्ठीवरची तिसरी ओळ वाचून जो घासाघीस करणार नाही असा निदान एक तरी रसिक या महाविद्यालयात निघावा, आणि तो मीच असावे, म्हणून मी आत्तापासून पैसे साठवायला लागले आहे.